पाचवा पर्याय लिहिणारे माझे व्याही

दिनकरराव,

तुमच्या दशक्रियेला नदीच्या घाटावर मला माईक दिला होता आणि मी तो न बोलताच परत केला. लोकांना वाटलं, लातूरकर व्याह्यांना भरून आलं. तसं थोडं आलंही होतं. पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या आधी जे गृहस्थ बोलले ते म्हणाले, "सरांनी आयुष्यात कधी कुणाशी वाद घातला नाही." ते ऐकून मला ठसकाच लागला. शेजारी बसलेल्या मुक्तानं, आपल्या दोघांच्या नातीनं, माझ्या पाठीवर थोपटलं आणि कानात म्हणाली, "आजोबा, हसू नका, लोक बघतायत." अशा अवस्थेत मी माईकवर काय बोलणार होतो? तुमची मुलगी माझी सून झाली त्याला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत तुम्ही माझ्याशी वाद सोडून दुसरं काही केलंच नाहीत.

आपली पहिली भेट आठवते? कासार आंबोलीला तुमच्या ओटीवर. मी लातूरहून मंदारला घेऊन मुलगी बघायला आलो होतो. मुलाचा पगार विचारतील, घर भाड्याचं की स्वतःचं ते विचारतील, अशी सगळी उत्तरं मी तयार ठेवली होती. तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि विचारलंत, "बारावीला गणितात किती होते?"

मंदार म्हणाला, "अडुसष्ट."

तुम्ही कप बशीत ठेवलात. "शंभरात?"

मी घाईघाईनं म्हणालो की बारावीचं सोडा, प्रवेश परीक्षेत तो फार वर होता, त्याच जोरावर इंजिनिअर झाला. तुम्ही म्हणालात, "मग बारावीला काय झोपला व्हता का?" वर, मी काय करतो ते विचारलंत. प्रवेश परीक्षांचे क्लास चालवतो म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आजवर विसरलो नाही. दारूचा गुत्ता चालवतो म्हणालो असतो तरी तुम्ही इतके दचकला नसतात.

"म्हंजी चारातलं एक वळखायला शिकवता."

"ओळखायला नाही, काढायला," मी म्हणालो.

"काढून पायऱ्या कुटं लिहितात पोरं?"

"लिहायच्याच नसतात."

"मग काढलं का वळखलं, कसं कळतं तुमाला?"

आपण दोघंही अर्धवट उठून उभे राहिलो होतो. तेवढ्यात आतून शीतलचा आवाज आला, "आप्पा, ते मला बघायला आलेत. पेपर नंतर तपासा." लग्न जमलं ते त्या एका वाक्यामुळे. माझ्या बायकोनं परतीच्या गाडीत सांगितलं, मुलगी हीच करायची, हिच्या घरात बोलायची सोय आहे.

तुम्ही पौड रस्त्यावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बत्तीस वर्षं गणित शिकवलंत आणि दर उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासलेत. मी लातुरात एकेका बॅचला सव्वाशे मुलं बसवून, पर्यायांतलं बरोबर उत्तर मिनिटाच्या आत कसं काढायचं ते शिकवलं. तुम्ही वर्गात शुद्ध बोलायचात आणि घरात मावळी. माझ्याशी पहिल्या दिवसापासून मावळीच बोललात. घरचा माणूस मानलंत म्हणून, की माझ्यावर शुद्ध बोली खर्च करायची नव्हती म्हणून, हे विचारायचं राहून गेलं.

माझी बायको गेल्यावर मी लातूर सोडून बावधनला मुलाकडे आलो, तेव्हा तुम्ही दर गुरुवारी बसनं येऊ लागलात. पिशवीत कधी इंद्रायणी तांदूळ, कधी वालाच्या शेंगा. सोफ्यावर बसायचात, पाणी प्यायचात आणि काही बोलायचा नाहीत. एक गुरुवार, दोन, चार. बोर्ड नाही, सीईटी नाही, काही नाही. "जेवला का" आणि "झोप लागती का" एवढंच. पाचव्या गुरुवारी मलाच भीती वाटली, की हा माणूस आता माझ्याशी आयुष्यभर असाच नीट वागणार. मीच म्हणालो, "दिनकरराव, बारावीची बोर्डाची परीक्षा आता बंदच करून टाकली पाहिजे."

तुमचा चेहरा असा उजळला! "लातूरकर," तुम्ही म्हणालात, "जरा बरं वाटतंय वाटतं तुमाला." आणि दोन तास झाडलंत. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. वाद संपला असता ना!

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. वर्षभर रोज थोडं थोडं केलेलं पोर बोर्डात दिसतं. उत्तर चुकलं तरी विचार कुठपर्यंत बरोबर गेला ते कागदावर दिसतं, आणि तेवढे मार्क देता येतात. "तुमच्या मशीनला पोराचं डोकं दिसत न्हाई, बोट दिसतं." माझं म्हणणंही तुम्हाला पाठ होतं. एका केंद्रावर कडक पर्यवेक्षक, दुसऱ्या केंद्रावर खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्या. एक तपासनीस उदार, दुसरा कंजूष. मग गडचिरोलीच्या पोराला आणि कोथरूडच्या पोराला एकाच मापानं मोजायचं तर एकच परीक्षा हवी. "मशीनला भावकी नसते," मी म्हणायचो. त्यावर तुम्ही गप्प व्हायचात, कारण तुमच्या भावकीतले तिघं दर वर्षी निकालाआधी तुमच्या ओटीवर बसलेले असायचे. पण मग तुम्ही म्हणायचात, "आन् क्लासला जायला ज्याच्या बापाला जमत न्हाई, त्याला कोणचं माप?" यावर गप्प बसायची पाळी माझी असायची. मी क्लासवाला होतो.

मुक्ता अकरावीत गेली त्या दिवाळीत तिनं हा वाद मिटवायचं मनावर घेतलं. "तुम्ही एकमेकांचा पेपर द्या," ती म्हणाली. तुमच्या ओटीवर सकाळी नऊला दोन जागा मांडल्या. तुमच्यापुढे लॅपटॉप: गणिताचे पन्नास प्रश्न, दीड तास. माझ्यापुढे बोर्डाचा जुना पेपर: ऐंशी मार्क, तीन तास, आणि पुरवण्या. मुक्ता पर्यवेक्षक. तिनं आपल्या दोघांचे मोबाईल काढून घेतले आणि विहीणबाईंना, "आजी, परीक्षार्थींशी बोलू नकोस," असा दम भरला.

पहिला प्रश्न तुम्ही बावीस मिनिटं सोडवलात. उत्तर आलं ते पर्यायांत जवळपास होतं, तंतोतंत नव्हतं. तुम्ही हात वर केलात. "पर्यवेक्षक, प्रश्न चुकलाय."

"चुकला नाही आप्पा, त्यातल्या त्यात जवळचं निवडायचं."

"जवळचं? गणितात जवळचं काय असतंय? जवळचे पाव्हणे असत्यात."

मग तुम्ही कोरा कागद मागून घेतलात, त्यावर मोत्यासारख्या अक्षरात 'पर्याय क्रमांक ५' असं लिहिलंत, त्याखाली संपूर्ण उकल, खाली दोन रेघा, आणि तो कागद लॅपटॉपच्या पडद्याला चिकटवायला डिंक मागितलात. दीड तासात पन्नासपैकी अकरा प्रश्न झाले. अकराच्या अकरा बरोबर. टक्केवारी बघून तुम्ही म्हणालात, "या मशीननं मला नापास केलं, पण एक चूक दावली का?"

माझं काय झालं तेही लिहितो, नाहीतर तुम्ही वरून ओरडाल. सगळी उत्तरं मी चाळीस मिनिटांत काढली आणि ती पाऊण पानात मावली. पायथागोरसचा वापर करून अमुक सिद्ध करा, असा प्रश्न होता. त्याखाली मी लिहिलं, "हे उघड आहे." पुढच्याखाली लिहिलं, "वरीलप्रमाणे." उरलेली दोन तास वीस मिनिटं मी तुमच्या गोठ्यातल्या शेळ्या मोजत बसलो. मुक्तानं मला सत्तावीस दिले, म्हणजे एका मार्कानं नापास. मी फेरतपासणी मागितली. पेपर तुमच्याकडे आला. तुम्ही चष्मा पुसलात, लाल पेन काढलंत आणि सत्तावीसचे चोवीस केलेत. "पोरीनं माया केली व्हती," म्हणालात.

त्या दिवशी दोन्ही आजोबा नापास झाले आणि वाद मात्र होता तिथंच राहिला. खरं तर तिथंच सुधारायला हवं होतं आपण. पण पुढच्या वर्षी मुक्ता बारावीत गेली आणि आपण दोघंही पेटलो. सोमवार ते शुक्रवार बावधनला मी स्टॉपवॉच घेऊन तिच्या मागे. शनिवार-रविवार कासार आंबोलीला तुम्ही वही घेऊन. माझ्याकडे ती सविस्तर लिहायला लागली की मी म्हणायचो, "हे काय, निबंध आहे का?" तुमच्याकडे ती झटकन उत्तर सांगायची तर तुम्ही म्हणायचात, "हे काय, लॉटरी हाय का?" शीतल एकदा वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून एकच परीक्षा द्या आणि माझ्या मुलीला सोडा."

बोर्डात मुक्ताला एक्याण्णव टक्के पडले. तुम्ही पेढे घेऊन आलात आणि जाताना माझ्या हातात मुद्दाम दोन ठेवलेत. पण इंजिनिअरिंगला आता बोर्डाचे मार्क नुसता उंबरठा ओलांडण्यापुरते. आत कुठे बसायचं ते सीईटी ठरवते. सराव परीक्षांत तिला सत्त्याण्णवच्या आसपास पर्सेंटाइल पडायचं. प्रत्यक्षात पडलं अठ्ठ्याहत्तर.

ती खोलीत गेली आणि कडी लावली. तुम्ही फोन ठेवलात तो पुढची बस पकडून थेट बावधनला आलात. मी दार उघडलं आणि वाट बघत उभा राहिलो, की आता म्हणतील, मी म्हणत होतो ना, एका दिवसाच्या परीक्षेचं काय खरं. मी ते ऐकून घ्यायचं ठरवलंच होतं. माझीच चूक होती, दिनकरराव. स्टॉपवॉच मी आणलं होतं.

तुम्ही चपला काढल्यात आणि म्हणालात, "लातूरकर, माझंच चुकलं. मी पोरीला सावकाश केली. परीक्षा वाईट न्हाई. टायमात सोडवणं हे बी डोकंच हाय."

मला तेही सहन झालं नाही. मी म्हणालो, "अहो, काय बोलताय! दोन वर्षांची मेहनत तीन तासांत मोजायची म्हणजे काय? बोर्डाचे मार्क धरायलाच पाहिजेत."

"आन् कॉपी? केंद्रावर कॉपी चालती ती?"

"चालू द्या! निदान पोराचा विचार तरी दिसतो!"

"भावकी असती लातूरकर, भावकी! मशीनला भावकी नसती!"

आवाज चढले. तुम्ही माझी वाक्यं माझ्याच तोंडावर मारत होता आणि मी तुमची तुमच्या. मंदार ऑफिसची मीटिंग सोडून बाहेर आला. शीतल कपाळाला हात लावून उभी होती. आणि खोलीची कडी निघाली.

मुक्ता दारात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "तुम्ही दोघं गप्प बसता का? बोर्डाचं काही नाही आणि सीईटीचंही काही नाही. मला लघवीला लागली होती."

शीतलचा कपाळावरचा हात खाली आला.

"गणिताचा पेपर सुरू झाला तेव्हापासून. दीड तास. तो पर्यवेक्षक दादा सारखा ओरडत होता, मला विचारायची लाज वाटली. शेवटचे वीस प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत, नुसती बटणं दाबली."

"अगं, पण एवढी का लागली?" मी विचारलं.

"तुम्ही पहाटे उठवून लिंबू सरबत पाजलंत. दोन ग्लास. उन्हाचं पाणी कमी पडायला नको म्हणून."

मी मान खाली घातली. तेवढ्यात ती तुमच्याकडे वळली. "आणि आप्पा, तुम्ही केंद्राच्या गेटवर उभे होतात. तांब्याभर ताक घेऊन. 'गटागटा पी, डोकं थंड राहतं.'"

दिनकरराव, त्या वेळी आपण एकमेकांकडे जे पाहिलं, तेवढं एकमत आपलं पुन्हा कधी झालं नाही. तुम्ही ताक दिलंत ते मला माहीत नव्हतं आणि मी सरबत पाजलं ते तुम्हाला. आधी हसली मुक्ताच. मग शीतल. मग मंदार भिंतीला टेकून खाली बसला. आपल्याला हसायची परवानगी आहे की नाही हे न कळून आपण दोघं बराच वेळ शाळेत उभं केल्यासारखे उभे होतो.

प्रवेशाच्या फेऱ्यांत तिला हवी ती शहरातली कॉलेजं गेली. तिसऱ्या फेरीत मुळशीकडच्या एका साध्या कॉलेजात सिव्हिल मिळालं. कागदपत्रं तपासायला तुम्ही तिच्याबरोबर गेलात. तिथल्या सूचनाफलकावर 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द चुकलेला होता, तो तुम्ही खिशातल्या लाल पेनानं दुरुस्त केलात आणि तिथल्या कारकुनाशी तुमची जुंपली. निघताना तो तुमच्या पाया पडला. तुमचाच विद्यार्थी निघाला. त्याला तुम्ही बारावीत दोनदा नापास केलं होतं, तेही त्यानंच मुक्ताला सांगितलं.

बावधनहून कॉलेज लांब, कासार आंबोलीहून जवळ. म्हणून ती तुमच्याकडे राहायला आली. आणि इथं मला थांबावं लागतं, कारण हे मी तुम्हाला बोललो नाही. मी जळत होतो. दर रविवारी मी यायचो तेव्हा ती तुमच्या स्कूटरवर मागे बसून कोळवणच्या बाजूनं फिरून आलेली असायची. कुठल्या पुलाचा खांब का खचला, यावर तुमची चर्चा चाललेली असायची. तिला सत्त्याण्णव पडले असते तर ती शहरात हॉस्टेलला असती आणि महिन्यातून एकदा आली असती. अठ्ठ्याहत्तर पडले, म्हणून तुमचे शेवटचे पाच महिने ती घरात होती. त्या सकाळी तुमच्या छातीत कळ आली तेव्हा शेजाऱ्याच्या जीपमध्ये तुमचं डोकं मांडीवर घेऊन तीच बसली होती. दवाखाना गाठायच्या आत तुम्ही गेलात. तिनं सांगितलं, आप्पांना त्रास फार झाला नाही. शेवटपर्यंत ड्रायव्हरला म्हणत होते, "गिअर टाक रं, गिअर."

आयुष्यभर मी मुलांचे आकडे वाढवले, दिनकरराव. मी पाहिलेला सगळ्यात चांगला आकडा तो अठ्ठ्याहत्तर. हे जिवंतपणी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, "म्हंजी तुमची परीक्षा बरोबरच व्हती." म्हणून सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी मी विहीणबाईंना भेटायला आलो. अंगणात पाच-सहा मुली वह्या उघडून बसल्या होत्या. रविवारी तुम्ही गावातल्या आणि खोऱ्यातल्या मुलींना फुकट शिकवायचात हे मला माहीत होतं, पण त्यांना कुणी येऊ नका म्हणून सांगितलंच नव्हतं. विहीणबाई दारात आल्या. "व्याही, पोरी बसल्यात. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली. घरी लावून देऊ का?"

मी खडू घेतला. पुढे सारिका बसली होती, धनगराच्या घरातली, बारावीची. तिच्या घरची मेंढरं मागच्या माळावर चरताना दिसत होती. मी एक गणित सोडवलं, माझ्या पद्धतीनं, झर्रकन. लातुरात या वेगावर टाळ्या पडायच्या.

"न्हाई कळलं," सारिका म्हणाली.

पुन्हा सोडवलं.

"न्हाई कळलं."

सव्वाशे मुलांच्या वर्गात तीस वर्षांत मला हे कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. तिसऱ्यांदा हळू सोडवलं. चौथ्यांदा खाली चटईवर बसून, तिच्याच वहीत, तिच्याच पेन्सिलनं, पहिल्या ओळीपासून. मध्येच माझंच अडलं. मी डोकं खाजवत बसलो, मुली वाट बघत बसल्या. मग सुटलं.

"आत्ता कळलं," ती म्हणाली. वही मिटली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पर सर, तुमी लई सावकाश शिकवता."

ओटीवरून कुणीतरी मोठ्यानं हसेल म्हणून मी वळून पाहिलं. ओटीवर विहीणबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं. मग मीच हसलो. सारिकाला वाटलं, सर रागावले नाहीत, म्हणून तीही हसली, आणि तिनं वही परत उघडली.